उतारा ३.९ टक्के

चार दिवस झाले, पण डोक्यातून जात नाही. सोसायटीच्या गणपतीत यंदा 'सभासदांचे छंद' म्हणून मांडवाच्या कडेला चार टेबलं लावली होती. एकावर क्रोशाचे रुमाल, एकावर कुणाच्या नातवाने केलेले कागदी डायनासोर, एकावर बोन्साय आणि चौथ्यावर मी, माझे नऊ लाकडी वाडगे मांडून. आरतीला म्हणून उठलो, लोटांगण घालून परत येतो तर शिसवाच्या वाडग्यात शेंगांची टरफलं. काठोकाठ. वर पेढ्याचा कागद.

टरफलांचं मी सोडून दिलं. लहान मुलं असतील. (मुलं नव्हती. कोण होतं ते मी पाहिलंय, पण पार्किंगचं वाटप त्यांच्याकडे आहे.) खरा घाव घातला तो सी चारशे दोनने.

सी चारशे दोन हे गृहस्थ साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात प्रसादाचा द्रोण. टेबलापाशी आले, सगळे वाडगे एका नजरेत मोजले.

"हे कुणाचं?"

"माझंच, काका. लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवायच्या मशीनवर, कातलेत."

"तुम्ही स्वतः? काय करता आपण?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे."

त्यांनी द्रोण खाली ठेवला. आवाज उतरवला. "कधी गेली नोकरी?"

"गेली नाही हो. छंद आहे हा."

"असू दे, असू दे. मी कुणाला बोलणार नाही. आमच्या जावयाचीही गेलीय. तो सध्या केक करतो."

मग त्यांनी आंब्याचा वाडगा उचलला. उलटा करून बुडाला किंमत चिकटवलीय का पाहिली. कलिंगड वाजवतात तसा टिचकीने वाजवला. वास घेतला. आणि तो प्रश्न विचारला, जो या टेबलावर त्या संध्याकाळी मला सतरा जणांनी विचारला होता.

"पण याच्यात ठेवायचं काय?"

मला एक कळत नाही. क्रोशाच्या रुमालाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या रुमालाने आजवर कुणी नाक पुसलेलं नाही, तरी सगळे "अय्या, किती नाजूक" म्हणून पुढे जातात. वाडगा दिसला की मात्र लोकांना एकदम उपयुक्ततावादाचा झटका येतो. माझ्या आजीकडे काठवट होती. परातीएवढी, एकाच खोडातून काढलेली, कडेला चीर गेलेली. तिच्यात ती भाकरीचं पीठ मळायची. हिच्यात ठेवायचं काय, असं तिला कुणी विचारल्याचं आठवत नाही. पुढे स्टीलची परात आली आणि काठवट एका पावसाळ्यात बंबात गेली. 'मन चंगा तो काठवट में गंगा' म्हणतात. आमच्या काठवटीने निदान आंघोळीचं पाणी तापवलं.

"काहीही ठेवा," मी म्हणालो. "फळं, सुकामेवा."

"आमटी?"

"नको, पातळ पदार्थ फार वेळ नको."

"गरम भात?"

"नको शक्यतो."

"मायक्रोवेव्हमध्ये चालेल?"

"नाही."

"घासायचा कसा?"

"घासायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचा, लगेच कोरडा करायचा, अधूनमधून तेल लावायचं."

"अहो, मग हा वाडगा आहे का जावई?"

मागे क्रोशाच्या काकू हसल्या. हे मी लक्षात ठेवलंय.

तेलाचा विषय निघाला म्हणून मी जरा फुशारलो. सांगितलं की हे जवसाचं तेल आहे, हवेतला प्राणवायू धरून ते हळूहळू घट्ट होतं, म्हणून लाकडाला खोबरेल चालत नाही. ते कधी वाळतच नाही, चिकट राहून खवट होतं. वरून मधमाश्यांचं मेण. आणि त्याआधी पॉलिशपेपर, खरखरीतापासून बारीकापर्यंत: ८०, १२०, १८०, २४०, ३२०, ४००. आधीच्या पेपरचे ओरखडे पुढच्याने काढायचे. एखादा नंबर आळसाने गाळला तर तोवर काही दिसत नाही, तेल लावलं की मात्र सगळे ओरखडे एकदम वर येतात. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही, आपोआप पेट घेऊ शकतं, हेही सांगितलं. आमच्या घरी ती फडकी पसरून दोरीवर वाळतात आणि मुलाच्या शाळेच्या गणवेशाला तेव्हापासून सुताराच्या दुकानाचा वास येतो. हा भाग मी सांगितला नाही.

सी चारशे दोनने सगळं शांतपणे ऐकलं. मग खिशातून घराची किल्ली काढली आणि वाडग्याच्या आतल्या बाजूवर ओढली.

"पडतो ओरखडा," ते म्हणाले. "सनमायकाला पडत नाही."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक काही बोललो नाही. घरात गणपती असताना माणूस किती संयम दाखवतो याचा विघ्नहर्त्याने हिशेब ठेवला असेल अशी आशा आहे. तो वाडगा घडवायला मला सात महिने लागले होते, आणि शेवटी घाईघाईत मी हेच बोलून बसलो.

"सात महिने?" किल्ली खिशात गेली, पेन बाहेर आलं. "आमचा गळीत हंगाम पाच महिन्यांत उरकायचा. सात महिने करता काय?"

आता सांगणं भाग होतं. वळवाच्या पावसात आंब्याचं झाड पडलं. मित्राचा फोन आला. पाऊस आला की जग कांदाभजीचा विचार करतं, मी पडलेल्या झाडांचा. ओंडक्याचा अर्धा भाग स्कूटरवर घालून आणला. ओलं लाकूड कातायला लोण्यासारखं जातं, कुरडईसारखी वेटोळी उडतात, अंगावर चीक उडतो. पण त्या ओल्यातून थेट पातळ वाडगा काढला तर वाळताना तो वाकडा होतो नाहीतर तडकतो. म्हणून आधी इंचभर जाड ठेवायचा, कागदी पिशवीत घालून माळ्यावर टाकायचा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. वजन घटायचं थांबलं की वाळला. तोवर गोलाचा लंबगोल झालेला असतो. तो परत लेथवर चढवून मग खरा वाडगा कातायचा.

"ओंडका किती किलोचा?"

"अकरा."

"आणि हा?"

"चारशेतीस ग्रॅम."

मला त्याच क्षणी जीभ चावायला हवी होती. सी चारशे दोनच्या चेहऱ्यावर वीस वर्षांनी खुर्चीवर परत बसल्याचं तेज आलं. त्यांनी फोनवर आकडे दाबले, पुन्हा दाबले, मला दाखवले.

"तीन पॉइंट नऊ टक्के उतारा," ते म्हणाले. "अहो, शंभर किलो उसातून अकरा किलो साखर, म्हणजे अकरा उतारा पडला की आमच्याकडे पेढे वाटायचे. साडेनऊवर आला की वार्षिक सभेत सभासद खुर्च्या उचलायचे. तुम्ही तीन पॉइंट नऊवर टेबल मांडून बसलाय?"

"त्यात पाणीही असतं काका. ओल्या लाकडात निम्मं पाणी असू शकतं."

"उसात काय रॉकेल असतं? बरं, बगॅसचं काय करता?"

"कशाचं?"

"चोथ्याचं. चिपाडाचं. आम्ही बगॅसवर वीज करतो, मळीचं अल्कोहोल, रस गाळून उरलेल्या गाळाचं, प्रेसमडचं खत. तुमचा भुसा कुठे जातो?"

"थोडा कुंड्यांत घालतो. बाकीचा कचऱ्याच्या गाडीत."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे शहाण्णव टक्के माल कचऱ्यात घालता, आणि चार टक्के उरलं ते टेबलावर मांडता."

यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही, आणि झोंबतं ते हेच. बाई दूध उतू घालते तसा मी लाकूड उतू घालतो. आमच्या घरात वाडगे नऊ, पण ढलप्या सर्वत्र. मागच्या आठवड्यात एक आमटीत सापडली, बायकोने ती कढीपत्त्यासारखी ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

"किंमत?" सी चारशे दोन.

"बाराशे."

"तास किती लागले? वाळायचे सोडा."

"नऊ."

"वीज, पेपर, तेल, मेण धरू तीनशे. राहिले नऊशे. तासाला शंभर रुपये." त्यांनी मांडवाचे बांबू बांधणाऱ्या पोराकडे हनुवटीने खूण केली. "तो जास्त घेतो. आणि तुम्ही मशीनवर करता ना? मग मशीनच करतं की. तुम्ही नुसतं धरायचं."

नुसतं धरायचं! अहो, पटाशीची धार जरा चुकीच्या कोनात लागली की लाकूड हत्यार हिसकावतं, आणि फिरता वाडगा सुटला तर थेट कपाळावर. माझ्याकडे चेहऱ्यावर घालायची जाळी आहे, तिला एक खोक पडलेली आहे. ती माझ्या कपाळाला पडायची होती.

पण माझं दुखणं हौसेचं आहे. पगार पहिल्या तारखेला येतो, म्हणून मी तासाला शंभर ऐकून घरी येऊन चहा पिऊ शकतो. तुळशीबागेत लाटणी, रव्या, भोवरे असतात. तेही कुणीतरी कातलेलेच असतात, आणि तिथे आपण "दोन घेतली तर कितीला?" विचारतो. आपण म्हणजे मीही. काही वर्षांपूर्वी बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टणला थांबलो होतो. काळ्या कुड्याचं लाकूड फिरत होतं, त्यावर कारागीर लाखेची रंगीत कांडी टेकवत होता, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसत होती, मग केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी. दोन मिनिटांत खुळखुळा तयार. मी तोंडात बोट घालून पाहिलं, व्हिडिओ काढला आणि खुळखुळ्याचे वीस रुपये कमी करून घेतले. तेव्हा लेथ घेतलेला नव्हता, हे काही कारण नाही.

असो. सी चारशे दोन घुटमळले. मला वाटलं, विरघळले. घेतील.

"भुसा आहे का आत्ता?"

"आहे. दोन पोती. खाली मीटरच्या खोलीत."

"आमच्या सुनेने ससे पाळलेत. खाली अंथरायला लागतो. बाजारात भयंकर महाग झालाय हो." मग दक्ष होऊन, "शिसवाचा नाही ना? ससे शिंकतील."

"आंब्याचा आहे."

"मग द्या एक पोतं. पॉलिशपेपरची धूळ नको, लांब लांब वेटोळीच द्या. काय घ्याल?"

चार वर्षांत माझ्याकडून कुणी स्वतःहून काही विकत मागितल्याची ही पहिली वेळ. मी गडबडलो. पन्नास म्हणालो. क्रोशाच्या काकूंचे तोवर अकरा रुमाल गेले होते.

काकांनी पन्नासची नोट काढली, उजेडात धरून मलाच दाखवली आणि त्यांच्याच किल्लीच्या ओरखड्यावर, त्या आंब्याच्या वाडग्यात टाकली.

"हे बघा," ते म्हणाले. "कळलं याच्यात काय ठेवायचं ते."

मग द्रोण उचलून दहा रुपये परत मागितले.