लाईट जाते त्याचं काय?

गेम रेकॉर्ड करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं परभणीत कुणालाही विचारा, समोरचा आपल्या आवडीचं नाव फेकतो अन् मोकळा! रॅम किती, ग्राफिक्स कार्ड आहे का, काही विचारणं नाही. 'फुकट' म्हणून टाकावं तर व्हिडिओवर त्यांच्या नावाचा शिक्का (वॉटरमार्क), तो काढायला पैसे. अरे, ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे ना, शिक्काबिक्का नाही! पण त्यातही रेकॉर्डिंगच्या फाईलचा प्रकार 'एमपी४च ठेव' सांगणारे शहाणे आहेतच. मे महिन्यात भर मॅचमध्ये लाईट गेली की साधी एमपी४ फाईल अर्धवट राहते, उघडतच नाही. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाईलीत तिथपर्यंतचं तरी वाचतं, नंतर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते. एवढं सांगायला जीभ झिजते का? अन् एडिटिंगचं तर सोडाच, ४ जीबी रॅमवाल्याला उगं फोर-केची स्वप्नं दाखवतात.