साबणाचा फुगा नव्हे हो!

पेशीच्या पटलावरचा, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातली 'पेशीचं पटल म्हणजे साबणाचा फुगा' ही उपमा खटकली. फुगा पृष्ठताणामुळे आपलं क्षेत्रफळ कमी करू पाहतो. पेशीपटलाचं क्षेत्रफळ त्यातल्या रेणूंनी जवळपास ठरवून टाकलेलं असतं, ऊर्जा लागते ती वाकायला. भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिशचं १९७३चं सूत्र याच वाकण्याबद्दल आहे. पण ते समतोलातल्या पटलाचं. वाढणारं पटल समतोलात नसतंच, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते.

कागद-पेन्सिल घेऊन बघा. गोल पिशवीचं क्षेत्रफळ दुप्पट झालं, तर गोल राहायला घनफळ २.८३ पट हवं. तेवढं पाणी आत आलं नाही की अंगरखा मोठा आणि अंग लहान! पटल सैल पडतं, थरथरतं, कधी नळ्या काढतं. पण तेवढ्याच पटलातून दोन सारखे गोल करायचे तर घनफळ फक्त दुप्पट पुरतं. म्हणजे विभाजनाची अर्धी तयारी भूमितीनेच करून ठेवलेली.

हे नुसतं कागदावरचं नाही. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूची पेशीभित्ती (पटलाबाहेरची टणक भिंत) गेली की उरणाऱ्या 'एल-फॉर्म' पेशी एफटीएसझेड या नेहमीच्या विभाजन-प्रथिनाशिवायही एकाच्या अनेक होतात. पटल गरजेपेक्षा जास्त तयार झालं की त्या वेड्यावाकड्या होऊन तुटतात, हे जीवशास्त्रज्ञ एरिंग्टन यांच्या इंग्लंडातल्या न्यूकॅसलमधल्या गटाने २०१३मध्ये दाखवलं.

पटल दोन थरांचं असतं; नवे लिपिड (स्निग्ध) रेणू आधी त्यातल्या एकाच थरात शिरतात आणि पटल त्यामुळेही वाकतं, तो मुद्दा लेखात राहूनच गेलाय. पुढच्या भागात येऊ द्या.