बेलोऱ्याहून मुंबई जवळ, तरी विमानाला वेळ जास्त का?

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. नागपूर-मुंबई विमानतळांमधले अंतर मी सुमारे ६८० किलोमीटर दिले, ते रेल्वेच्या अंतराशी जुळत नाही, हा पहिला. दुसरा असा की, अमरावतीजवळचे बेलोरा मुंबईला अधिक जवळ असूनही तेथून विमानाला जास्त वेळ लागतो असे मी लिहिले. त्यात आकड्यांची अदलाबदल झाली असावी आणि त्यावर विसंबणारा खेड्यातला माणूस अडचणीत येईल. ही काळजी मलाही आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रेल्वेचे ८३७ किलोमीटर हे वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड असे गावे जोडत जाणाऱ्या रुळांचे आहेत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तोही भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. विमानतळांमधले अंतर मात्र अक्षांश-रेखांशांवरून, पृथ्वीचा गोलावा धरून काढतात. त्याच रीतीने बेलोरा ते मुंबई सुमारे ५४० किलोमीटर भरते.

वेळेच्या आकड्यांत अदलाबदल झालेली नाही. नागपूरहून मुंबईला प्रामुख्याने जेट विमाने जातात. बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाने. जेट उंची गाठल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धावते, तर एटीआर ५०० च्या. त्यामुळे बेलोऱ्याच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात पावणेदोन तास होते, आणि नागपूरहून साधारण दीड तास लागतो.

६८० ला ८०० ने भागून आपण पन्नास मिनिटे काढली आहेत. पण वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात राहते आणि उतरणाऱ्या विमानांची रांग लागते. मागच्या हिवाळ्यात आईला उपचारासाठी नेले, तेव्हा मी वहीत नोंद ठेवली होती: चाके हलल्यापासून जमीन सुटेपर्यंत १२ मिनिटे, मुंबईजवळ घिरट्या १७ मिनिटे, उतरल्यावर थांबेपर्यंत ९ मिनिटे. पंख कलला की आई माझे मनगट घट्ट धरायची आणि विचारायची, "आली का रे मुंबई?" हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोराचा असतो; जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीशी असतो.

एका बाबतीत मात्र आपली टीका मला पूर्ण मान्य आहे. मी विमानतळापासून विमानतळापर्यंतचाच वेळ मोजला. नेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून बेलोरा तासाभरावर आहे, तर नागपूरला पोहोचायला साडेतीन तास लागतात. म्हणजे उंबरठ्यापासून मोजले तर हळू उडणारे विमानच आम्हांला आधी मुंबईत पोहोचवते. अर्थात ते रोज नसते. आईच्या तपासणीच्या दिवशी ते नव्हते, म्हणूनच आम्ही मध्यरात्री गाडी काढून नागपूर गाठले. तारीख ठरलेली असेल, तर आधी उड्डाणाचे वार पाहावेत, हे मी लिहायला हवे होते.

लेखातल्या तक्त्यात गावापासूनच्या वेळेचा रकाना आज जोडला आहे. कारंजाहून बेलोऱ्याला आपल्याला प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते कळवावे. तोही आकडा त्यात घालीन.