खुलासा : चिकन खाल्ल्याने बर्ड फ्लू होतो का?

‘चिकन-अंडी महिनाभर बंद’ हा मेसेज साथीची बातमी आली की हमखास फिरतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात २००६ मध्ये कोंबड्यांमधली देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हापासून ही भीती आहे. पण बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो आणि आपला रस्सा तर १०० अंशांच्या आसपास रटरटतो. फक्त तुकडा आतून गुलाबी राहता कामा नये. हाफ फ्रायही तूर्त नको. फ्रीजरवर मात्र भरवसा ठेवू नका, थंडीत विषाणू टिकतो.

माणसाला लागण होते ती बहुधा आजारी किंवा मेलेली कोंबडी हाताळताना, सोलताना, खुराड्यातली विष्ठा झाडताना. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर उघड्या हातांनी उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.