स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला की फ्लॅगशिप होतो म्हणे? नाही होत

पीसी बिल्डचा विषय निघाला की एक सल्ला हमखास फिरवला जातो आणि पहिल्यांदा पीसी असेंबल करणारी कॉलेजची पोरं तो डोळे झाकून ऐकतात. सल्ला थोडक्यात असा, की इंटेलचा आय९ नि एएमडीचा रायझेन ९ असले फ्लॅगशिप, म्हणजे सगळ्यात वरचे महाग प्रोसेसर, हे सगळं मार्केटिंग आहे, आतला माल एकच असतो, कंपनी फक्त स्पीड कमीजास्त करून वेगवेगळ्या किमतीला विकते, म्हणून सगळ्यात स्वस्त आय५ घ्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ओव्हरक्लॉक करा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडनं चालवा, निम्म्याहून कमी पैशात फ्लॅगशिपचा परफॉर्मन्स मिळतो, आणि तसेही फ्लॅगशिप गरम होऊन जळतातच. हे ऐकून खरेदी करणारा बहुतेक वेळा घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे घेऊन दुकानात गेलेला असतो, त्यामुळे मला हे सोडून देता येत नाही. एकेक मुद्दा घेऊ.

"आतला माल एकच असतो, फक्त स्पीडचा फरक"

हे एकेकाळी खरं होतं, आणि या सल्ल्याचं मूळ तिथंच आहे. १९९८ मध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए काढला, किंमत १४९ डॉलर, स्पीड ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवर बस स्पीड (ज्याच्या पटीत चिपचा स्पीड ठरतो) ६६ वरून १०० केला की तोच चिप सरळ ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा, आणि त्याच वेळचा पेंटियम २ - ४५० मिळायचा ६६९ डॉलरला. सेलेरॉनची कॅश (प्रोसेसरची छोटी, वेगवान मेमरी) फक्त १२८ केबी होती पण ती चिपवरच होती नि पूर्ण स्पीडनं चालायची, पेंटियमची ५१२ केबी असली तरी अर्ध्या स्पीडनं, त्यामुळे बऱ्याच कामांत दोघं खरंच बरोबरीला यायचे. पुढं इंटेलच्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात आणि २०११ च्या आय५-२५००के पर्यंत थोड्याफार फरकानं हेच चाललं, २५००के तर टर्बोला ३.७ गिगाहर्ट्झ असायचा आणि लोक त्याला आरामात ४.५ वर वर्षानुवर्षं चालवायचे.

मग आता काय बदललं? तेव्हा कंपनी चिपमध्ये शिल्लक असलेली ताकद तशीच सोडून द्यायची, आता सोडत नाही. टर्बो नावाचा प्रकार चिपचं तापमान, करंट, व्होल्टेज सतत बघत असतो आणि जेवढं ओढता येईल तेवढं फॅक्टरीतूनच ओढून घेतो. आय९-१४९००के डब्यातून काढला की ६.० गिगाहर्ट्झपर्यंत जातो, त्याच्यावर हातानं काढण्यासारखं जवळजवळ काही उरलेलं नसतं. रायझेनमध्ये तर हातानं सगळ्या कोअरला (चिपमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांना) एकच स्पीड फिक्स केला तर उलटं नुकसान होऊ शकतं, म्हणजे ५९५०एक्सचा एखादा कोअर आपल्या आपण ४.९ ला जातो, तुम्ही सगळे कोअर ४.५ वर बांधून ठेवले की एका कोअरवर चालणारी सगळी कामं आधीपेक्षा हळू होतात.

आणि माल एकच म्हणाल तर तोही नाही. रायझेन ९ ७९५०एक्समध्ये आठ-आठ कोअरचे दोन चिपलेट, म्हणजे कोअर असलेले सिलिकॉनचे तुकडे, असतात. रायझेन ५ ७६०० मध्ये एकच, आणि त्यातलेही दोन कोअर बंद केलेले. बायोसमध्ये कितीही आकडे वाढवले तरी जो चिपलेट बसवलेलाच नाही तो कुठून येणार?

"ओव्हरक्लॉक केला की फ्लॅगशिपचा परफॉर्मन्स"

इथं साधं गणित करा, कुणीच करत नाही म्हणून सांगतो. समजा १६ कोअर ५ गिगाहर्ट्झवर रेंडर करतायत (३डी चित्र किंवा व्हिडिओ तयार करतायत), कोअरची रचना तीच. तेवढंच काम ६ कोअरकडून करून घ्यायचं तर १६ गुणिले ५ भागिले ६, म्हणजे १३.३ गिगाहर्ट्झ लागतील. जगातले सगळ्यात तरबेज ओव्हरक्लॉकर लिक्विड हेलियम ओतून काही क्षणांसाठी ९ गिगाहर्ट्झच्या थोडं वर गेलेत, तेही निवडून काढलेल्या आय९ वर. तुमच्या सहा कोअरच्या चिपमधून घरी फार तर १० टक्के निघतील, चिप चांगली लागली तर १५. ब्लेंडरमधलं ३डी काम, व्हिडिओ एन्कोडिंग, मोठा कोड कंपाइल करणं, असल्या कामांत कोअरची जागा स्पीड भरून काढत नाही, विषय संपला.

"कुठलाही आय५ घ्या आणि ओव्हरक्लॉक करा"

कुठलाही नाही हो! इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटच्या अक्षरांत के असतो तेच मॉडेल मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्यानं गुणून स्पीड ठरतो तो आकडा) बदलू देतात आणि त्यासाठी झेड सिरीजचा मदरबोर्ड लागतो. आय५-१२४०० सारखा सगळ्यांच्या बजेटमधला चिप लॉक्ड आहे. २०२२ मध्ये काही मोजक्या बोर्डांवर बेस क्लॉक वाढवून तो ५ गिगाहर्ट्झच्या वर नेता यायचा हे खरं, ते व्हिडिओ अजून फिरतात आणि त्यावरूनच हा गैरसमज पसरलाय, पण इंटेलनं त्याला कधीच अधिकृत पाठिंबा दिला नाही आणि तसे बोर्ड दुकानात सहज मिळतही नव्हते. २०१५ च्या शेवटी स्कायलेकमध्येही (इंटेलच्या सहाव्या जनरेशनमध्ये) अशीच वाट सापडली होती, ती इंटेलनं काही महिन्यांत मायक्रोकोडचं (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट देऊन बंद करायला लावली. एएमडीचं धोरण बरं आहे, बहुतेक रायझेन अनलॉक्ड असतात, फक्त ए३२०, ए५२०, ए६२० असले सगळ्यात स्वस्त बोर्ड ओव्हरक्लॉक करू देत नाहीत. आणि बजेट कमी म्हणून हा मार्ग धरणारा माणूस नेमका तोच बोर्ड घेऊन घरी येतो.

"निम्म्याहून कमी पैशात"

झेड बोर्ड, चांगला टॉवर कूलर किंवा लिक्विड कूलर, वरच्या वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), हवा खेळती राहील असं कॅबिनेट, हे सगळं धरून बेरीज करा. चिपची वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि स्पीडच्या गुणाकारात वाढते. स्पीड १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं तर वीज आणि उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी वाढते. १० टक्क्यांसाठी ४० टक्के! एवढा खर्च करण्यापेक्षा तेच पैसे घालून एक पायरी वरचा चिप घेतला तर कोअर जास्त, कॅश जास्त, वॉरंटी शाबूत आणि डोक्याला ताप नाही.

शिवाय ज्या टेस्ट बघून आपण भारावतो त्या बहुतेक २१ ते २५ डिग्रीच्या खोलीत घेतलेल्या असतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४५ असतं, एसी नसलेल्या खोलीत ३६-३८ सहज. खोली जितक्या डिग्रीनं तापते साधारण तितक्याच डिग्रीनं चिपही वर जातो. त्यामुळे जानेवारीत स्टेबल झालेलं सेटिंग मे मध्ये सहा तासांच्या रेंडरच्या पाचव्या तासाला मशीन रीस्टार्ट करतं, आणि याहून वाईट म्हणजे कधीकधी रीस्टार्ट न करता गुपचूप चुकीचं उत्तर देतं, फाइल करप्ट होते आणि तुम्हाला कळतही नाही. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याला हा सल्ला देऊ नका, कळकळीची विनंती आहे.

"फ्लॅगशिप जळतात"

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनमध्ये मोठी गडबड झाली, हे शंभर टक्के खरं, आणि ज्यांनी तेवढे पैसे मोजले त्यांच्यावर अन्याय झाला. पण कारण काय होतं ते बघा ना. जुलै २०२४ मध्ये इंटेलनंच सांगितलं की मायक्रोकोडच्या चुकीमुळे चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये अपडेट आलं, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण जे चिप आधीच खराब झाले ते काही अपडेटनं सुधारले नाहीत. आता सांगा, जास्त व्होल्टेजनं चिप कायमचा बिघडतो हे दाखवणारं उदाहरण पुढं करून तुम्ही लोकांना हातानं व्होल्टेज वाढवायला कसं सांगू शकता? तेही अशा कामासाठी ज्यानं वॉरंटी जाऊ शकते?

"गेमिंगला तर एवढे कोअर लागतच नाहीत"

हा मुद्दा बरोबर, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा. मध्यम ग्राफिक्स कार्डवर १४४०पी किंवा ४केला खेळत असाल तर अडतं ग्राफिक्स कार्डापाशी, मग आय९ काय आणि साधा आय५ काय, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास सारखेच, म्हणजे ओव्हरक्लॉक करून तरी काय मिळणार? आणि जिथं प्रोसेसरपाशी अडतं तिथं स्पीडपेक्षा कॅश कामाला येते. ५८००एक्सचा बूस्ट ४.७ गिगाहर्ट्झ, ५८००एक्स३डीचा ४.५, तरी गेममध्ये एक्स३डी स्पष्टपणे पुढं, कारण ३२ ऐवजी ९६ एमबी एल३ कॅश. गेमरनं आय९ घेऊ नये हे मीही सांगेन, पण त्याऐवजी स्वस्त चिप तापवत बसू नये हेही सांगेन.

मग फ्लॅगशिप कुणी घ्यावा? ज्याचा रेंडर किंवा कंपाइल रोज तासन्‌तास चालतो आणि वाचलेल्या वेळाचे पैसे मिळतात त्यानं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना मात्र बऱ्याचदा त्याचीही गरज नसते. कॅमेरा १०-बिट ४:२:२ एच.२६५ (जास्त रंगमाहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ फॉरमॅट) शूट करत असेल तर इंटेलच्या ११व्या जनरेशनपासूनच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये ते फूटेज हार्डवेअरवर डिकोड होतं, साध्या आय५ मध्येही, फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला चिप घेऊ नका, त्यात इनबिल्ट ग्राफिक्स चालत नाही. टाइमलाइन अडकते म्हणून आय५ ओव्हरक्लॉक करत बसणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

आणि बायोसमध्ये जायचीच हौस असेल तर एक गोष्ट नक्की करा. ६००० म्हणून विकत घेतलेली डीडीआर५ रॅम आपोआप ६००० वर चालत नाही, बऱ्याच बोर्डांवर ती ४८०० वरच पडून असते. एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल (रॅमच्या पूर्ण स्पीडचं तयार सेटिंग) ऑन करा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघून खात्री करा.