कला-इतिहास शिकून चादर विकते का?

निकालाचे दिवस आले की एक मेसेज सोलापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला, त्यात एक सख्खा काका. सारांश असा: मुलांना आर्ट-डिझाइनच्या कॉलेजात घालू नका, तिथं निम्मा वेळ कला-इतिहासाच्या सनावळ्यांत जातो. एक, हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं. दोन, तो सगळा गोऱ्यांचा इतिहास, आपल्या कामाचा नाही. तीन, चित्रकार हुसेन कुठं इतिहास शिकला होता? चार, डिझाइनला हात आणि कॉम्प्युटर लागतो. पाच, नोकरी शून्य.

मी तो विषय शिकलोय आणि अकरा वर्षं चादरीच्या कारखान्यात जेकॉर्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, डिझाइनं काढलीत, म्हणून उत्तर देतो. ‘निम्मा वेळ’ ही तर थापच. आम्हाला आठवड्याला दोन तास होते, त्यातला एक सरांच्या मीटिंगमध्ये जायचा.

मोबाइल आणि गोरे, हे दोन मुद्दे एकत्रच घेतो, कारण माझ्याकडं ते एकाच दिवशी एकत्र आले होते. एका व्यापाऱ्यानं कारखान्यात फोटो धाडला. ‘फॉरेनचं डिझाइन आहे, पेस्ली म्हणतात, जशास तसं पाहिजे.’ बघतो तर कोयरी! आपल्या आजीच्या लुगड्यावरची, मेंदीतली, रांगोळीतली कोयरी. मालक खूश, फॉरेनची ऑर्डर म्हणून. मी हसलो तर म्हणाले, ‘काय बे, ग्राफ काढायलास का इतिहास सांगायलास?’

इतिहास थोडक्यात असा. काश्मिरी शालीवरचा हा बुट्टा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोचला. तिथल्या बायकांना त्याचं वेड लागलं. अस्सल शाल परवडेना, म्हणून नकला सुरू झाल्या. स्कॉटलंडमधल्या पेस्ली नावाच्या विणकरांच्या गावानं त्या इतक्या विणल्या की बुट्ट्यालाच गावाचं नाव चिकटलं. काश्मिरातल्या कारागिराचं नाव कुठंच राहिलं नाही. पुढं १८७०च्या सुमारास फॅशन फिरली. झग्याला मागून फुगवटा देण्याची पद्धत आली, त्यावर मोठी शाल नीट बसेना. छापील स्वस्त माल आधीच आला होता. त्यात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि काश्मीरचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेली फ्रान्सची बाजारपेठ बसली. एका बुट्ट्यावर जगणारी दोन ठिकाणं, हजारो मैलांवरची, जवळपास एकाच वेळी आडवी झाली.

आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही चादर कारखानदाराला विचारा, ही गोष्ट गोऱ्यांची की आपली? पानिपतच्या मालावर ‘सोलापुरी चादर’ लिहून विकतात, ही आपली रोजची रड. म्हणजे आज आपण काश्मीरच्या जागी आहोत. आणि व्यापाऱ्याचा फोटो जशास तसा उतरवताना पेस्लीच्या जागी. मोबाइलवर कोयरीची लाख चित्रं सापडतील, त्यानं तर तोच फोटो धाडला होता. आपण कुणाची नक्कल करतोय हे मात्र त्या फोटोत नव्हतं. (ऑर्डर आम्ही केली. पोट आहे. पण कोयरीचं टोक वळवून आत आमच्या पद्धतीची जाळी भरली, आणि तीच चादर पुढं दोन सीझन चालली.)

गोऱ्यांचाच हिशोब काढायचा तर आपल्या मागाच्या डोक्यावर बसलेलं जेकॉर्ड फ्रान्सचं आहे. लिऑनच्या जाकारनं १८०४मध्ये ते बसवलं. त्याआधी नक्षीसाठी एक माणूस, बऱ्याचदा पोरगं, दोऱ्या ओढत बसायचं. त्या पोराचं काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी केलं. भोक असलं तर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलायचा, नसलं तर नाही. पुढं इंग्लंडातल्या बॅबेजनं आपल्या गणितयंत्राला सूचना देण्यासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती घेतली. ‘इतिहास नको, कॉम्प्युटर शिकवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा साखर पेठेत पुठ्ठ्यांना भोकं पाडणाऱ्या जुन्या पंचिंगच्या दुकानात डोकवावं. कॉम्प्युटरचा आजोबा तिथं धूळ खात पडलाय.

हुसेनचं उदाहरण देणाऱ्याला मी मानलं, कारण निदान पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे आणि १९१५ला हुसेन तिथं जन्मले, एवढं त्याला ठाऊक दिसतं. त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, हेही खरं. पण १९४८मध्ये दिल्लीला, आजच्या राष्ट्रपती भवनात, भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. हुसेन आणि त्यांचे चित्रकार मित्र सूझा दोघं ते पाहायला गेले. गुप्तकाळातली शिल्पं, जम्मूकडच्या बसोलीची लघुचित्रं तिथं एकत्र होती. हुसेन स्वतः पुढं सांगत राहिले की शरीराची घडण त्यांनी त्या शिल्पांतून घेतली, तापलेले रंग बसोलीतून. कॉलेजात नाही शिकला म्हणजे शिकलाच नाही, असं कुठं आहे? त्यांना दिल्ली गाठावी लागली. आजच्या पोराला त्या दोन तासांत पडद्यावर निदान तोंडओळख होते.

आणि पाहायला दिल्लीच लागते असंही नाही. दक्षिण सोलापुरात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होईवा’, वाचेल तो विजयी होईल. आपल्याच गावच्या आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. भाषेवाले त्याच्याकडं भाषा म्हणून बघतात, मी अक्षरं म्हणून बघतो. छिन्नीला कुठं वळायला जड गेलं, कुठं सोपं, ते दगडात दिसतं. शेजारीच शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. तेच तेच चित्र ओळीनं मांडूनही नजर कंटाळू न देणं, हा तर चादरीच्या डिझायनरचा रोजचा धंदा. आपण तिथं जातो, संगमात पाय बुडवतो, डबा खातो, परत येतो.

चौथ्या मुद्द्याला फार शब्द घालवत नाही. हात लागतोच. इतिहासानं हात सुधारत नाही, सरावानंच सुधारतो, आणि जो मास्तर उलटं सांगेल तो खोटा.

नोकरीचं मात्र मेसेजवाल्याचं बरंचसं बरोबर आहे. निव्वळ कला-इतिहासाच्या जोरावर सोलापुरात नोकरी मला माहीत नाही. बडोद्याच्या ललित कला शाखेसारख्या ठिकाणी त्याचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून संग्रहालयं, लिलावघरं, प्रकाशनं, नाहीतर नेटची परीक्षा देऊन कॉलेजात मास्तरकी, अशा वाटा फुटतात. त्या थोड्या आहेत आणि गाव सोडायला लावतात. पण कारखान्यातही या विषयाची गरज पडते, फक्त त्या नावानं पडत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. अशा अर्जात वस्तू इथलीच कशावरून, याचे ऐतिहासिक पुरावे द्यावे लागतात. डिझाइनची नोंदणी करायची तर ते नवं आहे, आधी कुठं प्रसिद्ध झालेलं नाही, हे लागतं. आधी काय होऊन गेलंय हे ज्याला माहीत नाही, तो नवं काय ते कसं सांगणार? माझ्या मालकांनी जुने ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेली डिझाइनं, रद्दीत घातले होते. त्यातले वाचले तेवढे मी घरी आणलेत, पलंगाखाली दोन ट्रंका.

काकांना एवढंच कळवलं: पोरीला घालायचं असेल तर फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा, हा विषय कोण शिकवतं, आणि मुलांना वर्षातून कितीदा बाहेर काही पाहायला नेता. नोट्स उतरवून देतो म्हणाले, तर तुमचा मेसेज खरा, पोरीला दुसरीकडं बघा.