घारीचं घरटं उतरवू नका, छत्री उघडा

‘बागेत घार? वेळीच बंदोबस्त करा’ हा मेसेज सध्या पार्ल्यातल्या सोसायट्यांमध्ये फिरतोय. आमच्याकडे तो आठवड्यात तीनदा आला. त्याचं म्हणणं असं: घार लहान मुलं उचलून नेते, अंडी नसतील तर घरटं उतरवणं गुन्हा नाही, फटाके लावले की ती कायमची जाते, घरट्याने रोगराई पसरते, आणि काहीच जमलं नाही तर झाडाचा शेंडा उडवा. गेल्या वर्षी आमच्याच नारळावर घारीने संसार थाटला होता, म्हणून हे वाचून मला गप्प बसवत नाही.

मुलांचं आधी बोलू, कारण भीती तिथूनच सुरू होते. पूर्ण वाढलेली घार किलोच्या आतच भरते. स्वतःच्या वजनाइतकं ओझंसुद्धा उचलून तिला उडता येत नाही, मग मूल कुठून नेणार? पण झडप ती घालते, हे खरं आहे आणि कुणी नाकारू नये. आमच्या वॉचमनकाकांच्या टाळूवर नखांचे दोन लांब ओरखडे उठले, रक्त आलं. जखम साबणाने धुऊन त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. तेव्हा घरट्यात पिल्लं होती. घार पाठीमागून येते आणि डोक्यावर नेम धरते, एवढं कळल्यावर उपाय सोपा होता. नारळाखालून जाताना काका उघडी छत्री धरायला लागले, मुलांची सायकल मागच्या गेटकडे वळवली. नंतर कुणालाही लागलं नाही. दुसऱ्या मजल्यावरून मटणाचे तुकडे टाकले जायचे, तेही हात जोडून बंद करवले. माणसाच्या हातून खाणं मिळायला लागलं की घार माणसाला भीत नाही, आणि मग ती हातातल्या वडापाववरही येते.

कायद्याबद्दलचा दावा तर धडधडीत खोटा आहे आणि त्यापायी एखादा सेक्रेटरी नाहक अडकेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडीच नव्हे, घरट्याला त्रास देणंही येतं. घार संरक्षित पक्षी आहे. झाड तुमच्या कंपाउंडात आहे म्हणून सूट मिळत नाही.

फटाक्यांचं काय सांगू! ही मुंबईची घार आहे. गणपती, दिवाळी, लोकलचे भोंगे यांतच ती लहानाची मोठी होते. शिवाय तिला जागेची ओढ असते. घरटं मोडलं तर बऱ्याचदा ती आसपासच दुसरं बांधते, म्हणजे त्रास तोच, फक्त महिनाभर लांबलेला.

खाली घाण होते, हे मान्य. उंदराची शेपटी, माशाचे काटे, विष्ठा, सगळं पडतं. मास्क लावायचा, पाणी मारून ओलं करायचं आणि झाडायचं. सुकं झाडून धूळ उडवायची नाही. पण ज्या घारी उंदीर आणि मेलेलं उचलून नेतात, त्यांनाच रोगाचं मूळ ठरवणं अन्यायाचं आहे.

आणि शेंडा? नारळाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड मेलं. वर झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती वेगळीच.

मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच नाही: हे सगळं किती दिवसांचं? अंडी उबवायला साधारण महिना, पिल्लं उडायला पुढचे सहा-सात आठवडे. आपल्याकडे हिवाळ्यात सुरू झालेलं हे बिऱ्हाड बहुतेकदा पावसाच्या आत उठतं. तेवढे दिवस छत्री धरवत नाही का आपल्याला?

पिल्लू खाली पडलं तर घाबरू नका. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. आमच्याकडे एप्रिलमध्ये एक पडलं होतं. तपकिरी पिसांवर फिकट ठिपके, चोच उघडी, पण अंगावर कुठेही जखम नाही. जाड टॉवेलात धरून आम्ही ते जुन्या भाजीच्या टोपलीत ठेवलं, टोपली गॅरेजच्या पत्र्यावर नारळाजवळ बांधली आणि सगळे आत गेलो. खिडकीतून पाहत होतो. पाऊण तासाने आई उंदीर घेऊन टोपलीच्या काठावर उतरली.